हरवलेले शल्य

'शल्य' हा शब्द आपण मराठी माणसे दोन ठिकाणी वापरतो. एक इस्पितळाच्या पाटीवर, 'शल्यचिकित्सक' म्हणून, आणि दुसरा मनाच्या बाबतीत. 'आईच्या शेवटच्या आजारात आपण जवळ नव्हतो, हे शल्य त्यांना जन्मभर राहिले,' असे आपण सहज बोलून जातो. मूळ संस्कृतात शल्य म्हणजे बाणाचे टोक, काटा, शरीरात शिरून सलत राहणारी कोणतीही परकी वस्तू. ती बाहेर काढण्याचे शास्त्र ते शल्यतंत्र. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या शास्त्राला नाव दिले तेच मुळी आत राहिलेली वस्तू काढण्यावरून. तेच शास्त्र वापरताना डॉक्टरच्याच हातून एखादी वस्तू आत राहून जाईल, ही कल्पना त्या नावात कुठेच नाही. पण तसे घडते. माणसांच्या बाबतीत घडते तेव्हा वर्तमानपत्रात छापून येते. जनावरांच्या बाबतीत घडते तेव्हा बहुधा कोणाला कळतसुद्धा नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरीतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षे लोटली. चकलीचा तुकडा तोंडात टाकता टाकता वाचायचा हा विषय नव्हे, हे मला कबूल आहे. वाचकांनी वाटल्यास ताट घटकाभर बाजूला सारावे. परंतु ज्या घरात कुत्रे किंवा मांजर वावरते त्या घराला ही हकीगत ठाऊक असलेली बरी. शिवाय माझ्या आयुष्यातला या हकीगतीचा भाग दिवाळीतच घडला, तेव्हा ती सांगायला दिवाळी अंकाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

सुश्रुतसंहिता हा ग्रंथ दोन हजार वर्षांच्या आसपास जुना. त्याच्या सूत्रस्थानातला सव्विसावा अध्याय सगळाच्या सगळा 'प्रनष्टशल्या'वर, म्हणजे शरीरात शिरून दिसेनाशा झालेल्या वस्तूवर आहे. ती शोधावी कशी? सुश्रुताने सांगितलेला एक उपाय वाचून मी थक्क झालो होतो. कातडीखाली शल्य दडले असल्याचा संशय असेल तर त्या भागावर थिजलेले तूप, माती किंवा चंदनाचा लेप लावून पाहत राहावे. ज्या जागी तूप आधी विरघळेल किंवा लेप आधी सुकेल, तिथे शल्य आहे असे समजावे. आत काही परके असेल तर तिथे दाह होतो, दाह झाला की उष्णता वाढते, आणि ती उष्णता तुपाला कळते. क्ष-किरण नाहीत, उष्णतामापक नाही. चमचाभर तूप आणि शांतपणे बघणारे दोन डोळे एवढ्यावर हे निदान!

मुक्या प्राण्यांनाही त्या काळी हे शास्त्र लावले जाई. हत्तींच्या रोगांवर पालकाप्याच्या नावाने चालत आलेला 'हस्त्यायुर्वेद' हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून काढला. त्याच्या चार विभागांपैकी एकाचे नावच 'शल्यस्थान'. युद्धात हत्तीच्या अंगात बाण घुसत, आणि हत्ती कुठे दुखते ते सांगू शकत नसे. तेव्हा सांगू न शकणाऱ्याच्या अंगातले शल्य शोधणे ही विद्या आपल्याकडे नवी नाही. नवी गोष्ट पुढेच आहे.

ती समजण्यासाठी थोडे विलायतेत जाऊ या. जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून कार्बोलिक आम्ल वापरण्याची पद्धत जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने १८६७ साली जगापुढे मांडली. त्यानंतर त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो दोऱ्याचा. रक्तवाहिनी बांधायची तर आत दोरा ठेवावाच लागतो. रेशमाचा किंवा तागाचा दोरा आत ठेवला की तो सलतो, पू धरतो. म्हणून शल्यविशारद त्या दोऱ्याची टोके जखमेबाहेर लोंबती ठेवीत आणि काही दिवसांनी ओढून काढीत. लिस्टरने मेंढीच्या आतड्यापासून केलेली तात कार्बोलिकमध्ये मुरवली आणि १८६८ सालच्या डिसेंबरअखेर तिने एका वासराच्या मानेतली मोठी रक्तवाहिनी बांधली. महिन्याभराने त्या जागी पाहिले तो तातीच्या ठिकाणी वासराचीच जिवंत ऊती धरू लागली होती. शरीरात जाणूनबुजून काही ठेवायचे असेल तर शरीराला जिरवता येईल असेच ठेवावे, हा धडा वैद्यकाने एका वासरापासून घेतला.

कापसाला मात्र हा धडा लागू पडत नाही. कापूस शरीरात जिरत नाही. सुरुवातीला शस्त्रक्रियेतले रक्त टिपायला समुद्रातले स्पंज वापरीत. ते मोजके असत आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरले जात. तरी तेसुद्धा पोटात राहत. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आत राहिलेल्या वस्तूंवर विल्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरचा निबंध १८८४ साली प्रसिद्ध झालेला आहे. पुढे स्पंज गेले आणि त्यांच्या जागी कापूस आणि जाळीचे कापड आले. हे कापड आम्ही 'गॉज' म्हणून ओळखतो. अमेरिकेत मात्र गॉजच्या घडीला आजही स्पंजच म्हणतात.

या बदलात ज्यांचा मोठा हात होता ते जोसेफ सॅम्पसन गॅमजी मूळचे आमच्याच बिरादरीचे, याचा मला नेहमी अभिमान वाटत आलेला आहे. १८२८ साली इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात त्यांचा जन्म झाला. वडील जनावरांचे डॉक्टर, भाऊ जॉन हाही जनावरांचा डॉक्टर, आणि सॅम्पसन स्वतःही आधी लंडनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. मग ते माणसांच्या वैद्यकाकडे वळले आणि बर्मिंगहॅममध्ये नामांकित शल्यविशारद झाले. तेल काढून टाकलेला, पाणी चटकन शोषणारा कापूस गॉजच्या दोन पदरांत घालून त्यांनी १८८० साली पट्टीची गादी तयार केली. 'गॅमजी' या नावाने ती आजही विकली जाते. १८८६ साली ते वारले. त्याच साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जिथे पुढे माझ्यासारख्या कित्येक मराठी मुलांनी गॉजची घडी कशी घालायची हे शिकून घेतले.

कापूस आणि गॉज स्वस्त झाले, मुबलक झाले. इकडे फ्रेडरिक हॉबडे यांच्यासारख्या इंग्रज पशुवैद्याने कुत्र्यामांजरांच्या शस्त्रक्रियेवर १९०० साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. तोवर घोडा आणि गाय हेच आमचे खरे रुग्ण. आता घरातले लाडके प्राणीही टेबलावर येऊ लागले. आणि दहा-वीस गॉजच्या घड्या त्यांच्या पोटात आत-बाहेर होऊ लागल्या. रक्ताने भिजलेली गॉजची घडी आतड्याच्या वळणात गेली की ती आतड्याच्याच रंगाची होते. समोर असून दिसत नाही. हे पुस्तकात वाचून कळत नाही, माझ्यासारखे कळावे लागते.

१९७४ सालची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात होतो. श्रावणातली संध्याकाळ, बाहेर पाऊस. गावातल्या शाळेचे निवृत्त गुरुजी आपली चंपी नावाची कुत्री पोत्यात गुंडाळून घेऊन आले. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी तिच्या गर्भाशयात पू झाला होता. अशा वेळी दिवस उजाडायची वाट पाहता येत नाही. गर्भाशय काढणे हाच उपाय. ड्रेसरने घरच्या प्रेशर कुकरमध्ये उकडून ठेवलेल्या गॉजच्या घड्या आणल्या. किती होत्या? मला माहीत नाही. तोच तर या लेखाचा विषय आहे.

पोट उघडले आणि वीज गेली. ड्रेसर गॅसबत्ती पेटवायला धावला. तेवढ्यात एका रक्तवाहिनीवरची गाठ सुटली आणि पोट रक्ताने भरले. मी हाताला येईल ती घडी आत कोंबून दाब धरून उभा राहिलो. उजेड आला, वाहिनी सापडली, पुन्हा बांधली, रक्त थांबले. घड्या काढल्या, पोट शिवले. पहाटे चंपीने डोळे उघडले तेव्हा गुरुजींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. गावात माझे नाव झाले.

दिवाळीच्या आधी आठ दिवस गुरुजी पुन्हा आले. चंपीच्या कुशीला भोक पडून त्यातून पू वाहत होता. घरी हळद लावून झाली होती, कडुनिंबाचा पाला बांधून झाला होता. खात होती, शेपटी हलवत होती, पण वाळली होती. सळई घालून पाहिले तो वाट खोल आत जात होती. दुसऱ्या दिवशी पोट उघडले. आतड्यांवरचा चरबीचा पडदा एका गोळ्याभोवती घट्ट गुंडाळून बसला होता. गोळा कापला, आणि आतून माझीच गॉजची घडी निघाली. तिच्या कडेची शिवण ओळखीची होती.

ड्रेसर हळूच म्हणाला, "साहेब, गाठ होती म्हणून सांगा."

मी बाहेर जाऊन तसेच सांगितले. "आत गाठ धरली होती गुरुजी, काढली. आता बरी होईल." गुरुजींनी पुन्हा माझे हात हातात घेतले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माईंनी फराळाचा डबा पाठवला. वर चिरोटे, खाली चकल्या, एका वाटीत बेसनाचे लाडू. तो डबा माझ्या टेबलावर दोन दिवस तसाच राहिला. पाडव्याला सकाळी आंघोळ करून मी गुरुजींच्या घरी गेलो आणि उंबऱ्यातच सगळे सांगून टाकले.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. माई आत निघून गेल्या. मग त्यांनी एवढेच विचारले, "मोजून घेतलं होतं का?"

"नाही."

"अहो डॉक्टर," गुरुजी म्हणाले, "तीस वर्षं मी पोरांच्या सहली नेल्या. निघताना मोजायचो, वाटेत मोजायचो, परतताना मोजायचो. एखादं पोर हरवलंय अशी शंका आली म्हणून नव्हे. शंका कधी येतच नाही. म्हणून मोजायचं."

त्यांनी मला क्षमा केली असे म्हणता येणार नाही. पण चहा दिला. चंपी पुढे सहा वर्षे जगली.

त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचत गेलो. आत राहिलेल्या कापडाशी शरीर दोन तऱ्हांनी वागते. एक तर पू धरून ते बाहेर ढकलू पाहते. चंपीच्या शरीराने हेच केले. किंवा जंतू नसतील तर त्याच्याभोवती तंतूंची भिंत बांधून ते तिथेच कोंडून टाकते. अशी गाठ महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प बसते. या गाठीला डॉक्टरांनी नाव मोठे गमतीचे दिले आहे: 'गॉसिपिबोमा'. त्यातला 'गॉसिपियम' हा लॅटिन शब्द, म्हणजे कापूस. आणि 'बोमा' आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, लपण्याची जागा या अर्थाने घेतलेला. कापसाचा चोरकप्पा म्हणा ना!

या चोरकप्प्याचा खरा धोका वेगळाच आहे. वरून चाचपले तर तो हुबेहूब अर्बुदासारखा, म्हणजे कॅन्सरच्या गाठीसारखा लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटात गाठ लागली की पुष्कळदा डॉक्टर आणि घरचे मिळून त्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय घेतात. त्यांतल्या काही गाठी नुसत्या कापसाच्या असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ होते. उलट, वर्षानुवर्षे राहिलेल्या कापडाभोवती खरोखरीचा कॅन्सर उद्भवल्याची उदाहरणेही कुत्र्यांमध्ये नोंदलेली आहेत. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले एक उदाहरण लहान आतड्याजवळच्या अशा गाठीचे आहे.

दोष नुसत्या कापडाचाच नाही. कुत्रीचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय काय बिघडते यावर इंग्लंडमध्ये पिअर्सन यांचा निबंध १९७३ साली, म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या आदल्याच वर्षी आला होता. न जिरणाऱ्या, पिळाच्या दोऱ्याने आत गाठी मारल्या तर त्या पिळात जंतू दडतात आणि कुशीला भोक पडून पू वाहत राहतो, हे त्या काळी चांगलेच ठाऊक झाले होते. पुढे काही जणांनी विजेच्या तारा बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्या आत वापरून पाहिल्या. त्यांनीही तोच प्रकार केला. लिस्टरच्या वासराने शंभर वर्षांपूर्वी सांगितलेले लोक विसरले होते.

शोधण्याची साधने मात्र सुधारली. क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांनी १८९५ साली लावला, पण साधा कापूस क्ष-किरणांत दिसत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून गॉजमध्ये बेरियम सल्फेटचा एक धागा विणू लागले; तो चित्रात पांढरा उमटतो. ज्यात तो धागा नाही अशी घडी ओळखायची खूण म्हणजे तंतूंच्या जाळीत अडकलेले हवेचे बारीक बारीक बुडबुडे. मग ध्वनिलहरींनी आतले चित्र काढणारी सोनोग्राफी आली. २००० साली मेर्लो आणि लॅम्ब यांनी अशा आठ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काळसर गोळा आणि त्याच्या मधोमध वेडावाकडा, चमकदार गाभा, हे त्यांनी दाखवलेले चित्र आज पशुवैद्यकाचे विद्यार्थी शिकतात. सुश्रुताच्या तुपाची जागा यंत्राने घेतली. पण आधी कोणाच्या तरी मनात संशय यावा लागतो, हे तेव्हाही खरे होते आणि आताही आहे.

सगळ्यांत मोठा धडा मला मिळाला तो २००३ साली, तोही माणसांच्या वैद्यकातून. अमेरिकेत डॉ. अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत वस्तू आत राहिलेल्या ५४ रुग्णांची तपासणी केली. गावंडे यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. या ५४ जणांच्या शरीरात मिळून ६१ वस्तू राहिल्या होत्या. त्यांतल्या ६९ टक्के गॉजच्या घड्या. कारणे कोणती? तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊ पट, आणि ऐनवेळी काही अनपेक्षित घडून बेत बदलावा लागला तर सुमारे चार पट. तो निबंध वाचताना मला पावसाचा आवाज ऐकू येऊ लागला. तातडीची शस्त्रक्रिया, गेलेली वीज, सुटलेली गाठ: माझीच रात्र कोणी तरी आकड्यांत मांडून ठेवली होती.

त्या निबंधातली आणखी एक गोष्ट नम्र करणारी आहे. ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती, त्यांतल्या बहुतेकांत मोजणी 'बरोबर' आल्याची नोंद होती! म्हणजे नुसते मोजून भागत नाही. दोघांनी, मोठ्याने, एकमेकांना ऐकू जाईल असे मोजावे लागते. गावंडे यांच्याच पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची एकोणीस कलमी तपासणी यादी काढली. रुग्ण खोलीबाहेर नेण्यापूर्वी हत्यारे, घड्या आणि सुया मोजल्या का, हे तीत तोंडाने विचारायचे असते. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. २०१६ साली स्वीडनमध्ये कुत्र्यामांजरांच्या शस्त्रक्रियेत अशीच यादी वापरून पाहिली, तिथेही नंतरचे उपद्रव कमी झाले. कागदाचा एक चिटोरा; पण गुरुजींच्या सहलीच्या हजेरीपेक्षा त्यात वेगळे काय आहे?

आज आपल्याकडे हा विषय पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. २००१ सालच्या नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करण्याचे धोरण आले, २०२३ साली ते नियम नव्याने लिहिले गेले. म्हणजे गल्लीतल्या ज्या कुत्र्यांच्या कानाला खाच दिसते, त्यांतल्या प्रत्येक मादीचे पोट कोणी तरी उघडून शिवलेले आहे. एका टेबलावरून दुसऱ्याकडे जाताना डॉक्टरचे हात थकतात. त्या कुत्र्यांना घर नाही, गुरुजी नाहीत. त्यांच्या कुशीला भोक पडले तर ते पोत्यात गुंडाळून दवाखान्यात आणणारे कोणी नाही. तक्रार करू शकणाऱ्याच्या बाबतीत निष्काळजीपणा महाग पडतो, म्हणून माणूस सावध राहतो. तक्रार करू न शकणाऱ्याच्या बाबतीत त्याला सावध ठेवणारे त्याच्या मनाखेरीज दुसरे काही नसते.

म्हणून घरोघरच्या वाचकांना माझी विनंती एवढीच. आपल्या कुत्र्याची किंवा मांजरीची शस्त्रक्रिया झाली तर कागद जपून ठेवा. कधी झाली, कशाची झाली, ते लिहून ठेवा. पुढे केव्हाही कुशीला पू वाहू लागला किंवा पोटात गाठ लागली तर नव्या डॉक्टरला ती जुनी शस्त्रक्रिया आवर्जून सांगा, वर्षे कितीही लोटलेली असोत. आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टरला विचारायला संकोचू नका, की घड्या मोजता ना? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. मला आला नसता, असे मी आज म्हणतो. १९७४ सालच्या श्रावणात कदाचित आलाही असता.

पाडव्याच्या त्या भेटीनंतर मी गावातल्या सुताराकडून एक फळी करून घेतली. तिला दोन ओळींत वीस आकडे. शस्त्रक्रियेला घ्यायच्या तर वीसच घड्या घ्यायच्या. वापरलेली प्रत्येक घडी एकेका आकड्याला टांगायची. आणि वीसच्या वीस आकडे भरल्याखेरीज सुईत दोरा ओवायचा नाही. ड्रेसर एका टोकाकडून मोजी, मी दुसऱ्या टोकाकडून. बदली झाली तसतशी ती फळी माझ्याबरोबर गावोगाव फिरली. सहायक हसत, म्हणत, साहेबांनी खाटकाचे दुकान मांडले.

निवृत्तीनंतर ती फळी मी घरी आणली. आता ती दाराशी आहे, तिच्यावर छत्र्या, किल्ल्या आणि नातवंडांच्या पिशव्या असतात. दिवाळीत सगळे जमले की आकडे पुरत नाहीत. परवा धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, हे वीसच का हो?" मी तिला चंपीची गोष्ट सांगितली. ती सगळी ऐकून घेऊन उठली आणि बोट लावून एकेक आकडा मोजू लागली.